शिमग्याचा उगम विचारणाऱ्या भाचीस

रत्नागिरी,
८ फेब्रुवारी २०२६

चि. बाय,

तुझं पत्र पोचलं. म्हणजे फोनवर पाठवलेला लांबलचक मजकूर. पण मी त्याला पत्रच म्हणणार आणि उत्तर शाईनेच लिहिणार. फोटो काढून पाठवायचं काम तुझ्या मामीचं.

तिकडे आयर्लंडात तुझ्या लेकाच्या शाळेत मुलांनी लव्हाळ्याचे क्रूस विणले, बाईंनी विचारलं की तुमच्या देशात या दिवसांत काय असतं, आणि तू "आमच्याकडे शिमगा" असं सांगून मोकळी झालीस. इथवर उत्तम. पण मग रात्री जागून बरंच काही वाचलंस आणि आता तुझं म्हणणं असं, की आयर्लंडचा इम्बोल्क आणि कोकणातला शिमगा हे मुळात एकच. पाच हजार वर्षांपूर्वी कुणा एकाच टोळीने पेटवलेली आग, अर्धी तिकडे गेली, अर्धी इकडे आली. तेव्हा मामाने शिमग्याच्या उगमाचे पाच मुद्दे लिहून पाठवावेत, मार्चात वर्गासमोर सांगायला.

मुद्दे पाठवत नाही. दोन गोष्टी सांगतो आणि एका गोष्टीला मनाई करतो.

आधी यंदाची एक गंमत, म्हणजे ती दुसऱ्या कुणाकडून ऐकून तू हुरळून जायला नकोस. तुमचा १ फेब्रुवारी, म्हणजे इम्बोल्कचा आणि संत ब्रिजिदचा दिवस, आणि आमची माघी पौर्णिमा यंदा एकाच रविवारी आली. हा 'पुरावा' म्हणून कुणी ना कुणी फिरवणारच. पण तुमचा दिवस कॅलेंडरच्या तारखेला खिळलेला आहे आणि आमचा चंद्रामागून फिरतो. पुढच्या वर्षी माघी पौर्णिमा २० फेब्रुवारीला जाऊन बसेल आणि तुमची ब्रिजिद आहे तिथंच राहील. दोन सण एका दिवशी भेटले म्हणून ते सख्खे भाऊ ठरत नाहीत. आपल्याच तालुक्यात दोन गावांच्या पालख्या वर्षातून एकदा भेटतात, वाजतगाजत भेटतात, म्हणून कुणी त्या गावांचं मूळ एक मानत नाही.

आता तुमच्या सणाबद्दल जे धड माहीत आहे ते सांगतो. फार नाही. जुन्या आयरिश वर्षाचे चार टप्पे : नोव्हेंबरच्या आरंभी साउइन, फेब्रुवारीच्या आरंभी इम्बोल्क, मेच्या आरंभी बेल्टना, ऑगस्टच्या आरंभी लूनसा. इम्बोल्कचं नाव जुन्या आयरिश कथांत येतं. कू हुलिन नावाचा वीर एमर नावाच्या मुलीला मागणी घालतो, त्या कथेत हे टप्पे मोजलेले आहेत आणि इम्बोल्क म्हणजे वसंताच्या तोंडावर मेंढ्या दुभत्या होण्याची वेळ, असं तिथं सांगितलं आहे. कॅशेलचा राजा आणि बिशप कॉर्मक, जो ९०८ साली लढाईत पडला, त्याच्या नावावर एक जुना शब्दसंग्रह आहे. तोही मेंढीच्या दुधाकडेच बोट दाखवतो. आजच्या बऱ्याच भाषापंडितांना ती व्युत्पत्ती पटत नाही. त्याच संग्रहात ब्रिजिद नावाची देवी आहे : दाग्दाची मुलगी, कवींचं दैवत. तिच्या दोन बहिणींचं नावही ब्रिजिदच. एकीकडे वैद्यकी, दुसरीकडे लोहारकाम.

आणि मग किल्डेरच्या मठाची संत ब्रिजिद. परंपरेने तिचा काळ पाचव्या शतकाचा मध्य ते सहाव्याचा पहिला चतुर्थांश. २०२४ मध्ये तिच्या मृत्यूची १५०० वर्षं तुमच्याकडे पाळली गेली ती त्याच हिशेबाने. तिचं चरित्र कोगितोसस नावाच्या साधूने लिहिलं ते सातव्या शतकात, म्हणजे ती गेल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी. बाराव्या शतकात जेराल्ड नावाचा वेल्सचा पाद्री किल्डेरला गेला. तिथल्या न विझणाऱ्या अग्नीची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे : १९ साध्वी पाळीपाळीने रात्रभर अग्नी राखतात आणि विसाव्या रात्री लाकडं ठेवून ब्रिजिदला सांगतात, आजची पाळी तुझी. सकाळी अग्नी जळतच असतो. भोवती कुंपण, आणि पुरुषाला आत पाऊल टाकायला बंदी. मला ही हकीकत फार आवडते. पण नीट बघ, यातही १ फेब्रुवारीला हजार-दोन हजार वर्षांपूर्वी लोक काय करत होते ते कुठं आहे? नाहीच. रोनाल्ड हटन नावाच्या ब्रिटिश इतिहासकाराने १९९६ च्या आपल्या ग्रंथात हे सगळं चाळणीतून काढलं. त्याचा निर्वाळा असा, की सण ख्रिस्ती धर्माआधीचा असावा असं मानायला जागा आहे. त्या दिवशी कोणते विधी होते हे मात्र कुठंच नोंदलेलं नाही. लिहिणारे सगळे मठातले, आणि तेही कितीतरी नंतरचे.

मग तू वाचलेलं ते आठ सणांचं 'प्राचीन वर्षचक्र' कुठून आलं? त्या रूपात ते इंग्लंडात १९५० च्या दशकात जुळवलं गेलं. गेराल्ड गार्डनर आणि रॉस निकोल्स या मंडळींनी चार जुने आयरिश दिवस आणि सूर्याच्या अयन-विषुवाचे चार दिवस एकत्र ओवले. ज्यांना त्यात भक्ती वाटते त्यांनी खुशाल पाळावं. पण माझ्या जन्माच्या थोडं आधी जुळवलेली गोष्ट पाच हजार वर्षांची म्हणून पोरांना सांगू नकोस. आणि त्याच्याही मागे जेम्स फ्रेझर आहे. १८९० साली त्याचं 'द गोल्डन बाउ' निघालं. जगातला प्रत्येक सण म्हणजे मरणाऱ्या-उठणाऱ्या शेतदेवाचा विसरलेला विधी, ही खोड त्यानेच सुशिक्षितांना लावली. आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांतही ती पुष्कळ मुरली आहे.

आता शिमगा. त्याच्या उगमाचा शोध घ्यायचा तर लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यातला माणूस पुरे आहे. पांडुरंग वामन काणे, चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामला १८८० साली जन्मलेले, १९६३ चे भारतरत्न. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला आणि पाचवा १९६२ साली पुरा झाला. त्या पाचव्यात व्रतं आणि उत्सव येतात, होलिका येते. जैमिनीच्या मीमांसासूत्रांवर शबराचं भाष्य आहे, त्यात 'होलाका' नावाचा आचार आहे. पूर्वेकडचे लोक तो पाळतात असं म्हटलं आहे आणि वाद चाललाय तो यावर, की हा आचार त्यांनाच लागू की सगळ्यांना. म्हणजे होळीच्या जुन्यातल्या जुन्या उल्लेखांपैकी एक मुळी हक्क कुणाचा या तंट्यात! कोकणातल्या कुठल्याही मानकऱ्याला हे वाचून दाखव, त्याचा ऊर भरून येईल.

पुढे पुराणांत होलिका आणि प्रल्हाद आहेत. भविष्यपुराणात ढुंढा नावाची राक्षसी आहे, पोरांना पीडणारी. तिला हुसकवायचं तर लाकडं पेटवा, टाळ्या वाजवा, मनाला येईल ते बरळा, आरडाओरडा करा, असा उपाय सांगितला आहे. कामदहनाची कथा आहे. दक्षिणेत एक, बंगालात दुसरी, व्रजात तिसरी. इतक्या कथा एकाच सणाला चिकटतात याचा अर्थ सरळ आहे : सण आधी चालत होता, कारण नंतर शोधलं गेलं, आणि ज्याने त्याने आपापलं शोधलं.

म्हणून तुला मनाई करतो ती ही. 'मुळात हा सण म्हणजे' अशी सुरुवात करू नकोस. ना त्यांच्या सणाची, ना आपल्या. सुरुवात कर ती या दिवसांत माणसाच्या हाताला काय काम असतं तिथून.

तुमच्याकडे फेब्रुवारीत मेंढ्या विणार, थंडीभर अडकलेल्या घराला ताजं दूध मिळणार, नांगर बाहेर निघणार. अख्खं शेतीचं वर्ष पुढ्यात. आमच्याकडे उलट. भात आश्विन-कार्तिकातच कापून, झोडून, कणगीत गेलं. त्या ओलीवर टाकलेला पावटा-कुळीथही फाल्गुनापर्यंत निघतो. सड्यावरचं गवत वाळून पिवळं, सावर आणि पांगारा फुललेले, काजूला बोंडं धरलेली, हापूसच्या बागांत राखणीची धांदल. पण ज्याच्याकडे बाग नाही, नुसती भातखाचरं आहेत, तो थोडा मोकळा असतो. थोडाच. कारण याच सुमारास भाजावळ सुरू होते : तरवा जिथं टाकायचा त्या जमिनीवर शेण, कवळ, पातेरा, गवत यांचे थर लावायचे, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं, म्हणजे तण मरतं आणि राख खत होते. फाल्गुनात कोकणात आग सगळीकडे असते, होमात आणि रानात. वणवेही याच दिवसांत लागतात. होळी भाजावळीतून निघाली असं मी म्हणत नाही, कुणी म्हटलं तर तूही मान डोलावू नकोस. पण पोरांना हे कळू दे, की आमच्या शेतकऱ्याचं वर्ष शिमग्याला संपतं आणि आयरिश मेंढपाळाचं ब्रिजिदला सुरू होतं. दोन्ही सण हिवाळ्याच्या शेवटी येतात एवढ्यावरून त्यांना एक म्हणणं म्हणजे बस पकडणारा आणि बसमधून उतरणारा एकाच थांब्यावर दिसले म्हणून एकाच गावाला निघाले म्हणण्यासारखं आहे. थंडीचं तर बोलूच नको. रत्नागिरीला पळवायला थंडी असते कुठं?

शिमगा खरोखर कसा होतो ते तू लहानपणी पाहिलंस, पण खांद्यावर बसून पाहिलंस. म्हणून जरा सविस्तर लिहितो. हाच भाग वर्गात सांगायचा आहे.

फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाकपंचमीला, पहिली लहान होळी लागते. मग रोज संध्याकाळी एकेक; लाकडं, गवर, पेंढा पोरं गोळा करतात, मागून किंवा न मागता. मोठा होम काही गावांत त्रयोदशीला, ते तेरसे शिमगे. काही गावांत पौर्णिमेला, ते भद्रेचे शिमगे. पलीकडच्या गावचं वेगळं का, याला उत्तर एकच : त्यांचं तसं आहे. होळीसाठी झाड आणायचं असतं. कुठं आंबा, कुठं पोफळ, कुठं सुरमाड, कुठं सावर. ते तोडायचं, जमिनीला न टेकवता खांद्यांवरून नाचवत आणायचं आणि होमाच्या जागी उभं करायचं. पन्नास-साठ माणसं एका ओंडक्याखाली आली की कोण कुणाशी वर्षभर बोलत नव्हतं ते निदान तेवढ्यापुरतं बाजूला पडतं, नाहीतर झाड पायावर यायचं. नव्याने लग्न झालेली जोडपी होमात नारळ टाकतात.

त्याआधी देवाला रूपं लागलेली असतात. देवळातले चांदीचे मुखवटे काढून, उजळून पालखीत बसवायचे, वस्त्रं नेसवायची. ते काम गुरवाचं. एरवी वर्षभर आपण देवाकडे जातो. शिमग्यात देव आपल्याकडे निघतो. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या ओट्यावर, येऊन बसते, तिथं गाऱ्हाणं होतं. आणि गाऱ्हाण्यात मागणं काय असतं? पोरांना नोकरी लागू दे, आजारी आहे त्याला उठव, चाकरमानी आलेत ते सुखरूप परत जाऊ देत. जमाव "व्हय म्हाराजा" म्हणून रुकार देतो. मोक्ष मागताना मी आजवर कुणाला ऐकलेलं नाही. काही गावांत जमिनीत पुरून ठेवलेला नारळ पालखीने शोधून काढायचा असतो, त्याला शेरणं म्हणतात. आपल्या शहरात बारा वाड्यांचा भैरी. खालच्या आळीतल्या देवळातून पौर्णिमेच्या रात्री पालखी निघते आणि झाडगावच्या सहाणेवर येते, तेव्हा बाजारपेठेत मुंगीला वाट नसते.

मग सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कुठल्याच उगमाच्या गोष्टीत सापडत नाही. पालखी घरोघर जाते. प्रत्येक घरी. अंगण सारवलेलं, रांगोळी, बाई ओटी भरणार, नारळ ठेवणार, मानकरी घराच्या नावाने गाऱ्हाणं घालणार, ढोल-ताशावर पालखी नाचणार. आणि म्हणूनच घर उघडं असावं लागतं. गावात पाहिलंस तर दहातल्या किती घरांना वर्षभर कुलूप असतं! माणसं मुंबईला, पुण्याला, तू तर समुद्रापलीकडे. गणपती घरात बसवायचा असतो, तो मुंबईच्या खोलीतही बसवता येतो. पालखी मात्र दादरला येत नाही. ती त्याच दारात येणार, म्हणून ते दार कुणीतरी येऊन उघडतं, कोळिष्टकं काढतं, पाणी भरतं. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे मुंबईपासून सलग धावू लागली, त्याआधी लोक एसटीत उभ्याने रात्र काढून यायचे, त्याही आधी आगबोटीने. आज रेल्वे होळीला जादा गाड्या सोडते त्याही भरतात. शिमग्याचा अर्थ काय असं मला विचारशील तर मी हाच सांगेन : गावाने आपल्या सगळ्या घरांची वर्षातून एकदा घेतलेली हजेरी. हा अर्थ पाच हजार वर्षांपूर्वीचा असणं शक्य नाही, कारण तेव्हा गिरणगाव नव्हतं आणि चाकरमानी नव्हते. तो बहुतेक शंभर-सव्वाशे वर्षांत पक्का झाला. म्हणून तो कमी खरा आहे का?

पालखीमागून खेळे येतात. संकासूर तुला आठवत असेल, त्याला पाहून तू मामीच्या पदराआड जायचीस : काळा झगा, काळी उंच टोपी, पांढरी लांब दाढी, कमरेला घुंगरं, हातात पिळलेला सोटा. वेद पळवणारा शंखासुर तो हाच, असं सांगतात. त्याच्याबरोबर गोमू, म्हणजे साडी नेसलेला पुरुष. रात्री नमन : मृदंग, झांजा, गण, गवळण आणि मग वग, पहाटेपर्यंत. आमच्या वाडीतला पोस्टमन राजा व्हायचा आणि खरा सावकार खाली बसून बघायचा.

आणि बोंब. ती गाळू नकोस. परदेशात गेलेली आपली माणसं होळी सांगताना रंग, पुरणपोळी आणि 'वाईटावर चांगल्याचा विजय' एवढंच सांगतात. तोंडावर पालथी मूठ मारून घातलेली बोंब, नावं घेऊन दिलेल्या शिव्या, चोरलेली लाकडं यांची त्यांना लाज वाटते. शिव्या उच्चारून दाखवू नकोस हे सांगायला नको. पण वर्षातले ठरावीक दिवस लहानाने मोठ्याला, गरिबाने बड्याला तोंडावर बोलून घ्यायची मुभा होती आणि ते दिवस सरले की पुन्हा नमस्कार होता, हे आठ-नऊ वर्षांच्या पोरांना तुझ्यापेक्षा लवकर समजेल.

तसंच त्यातलं कडूही लपवू नकोस. मानाचा पहिला नारळ कुणाचा, पालखीला पहिला खांदा कुणाचा, पालखी कुठल्या वाडीत जाते आणि कुठल्या वाडीच्या वेशीवरून वळते, यात जात होती आणि कित्येक ठिकाणी अजून आहे. मानपानाचे वाद कोर्टात जातात, काही गावांत देव त्या वर्षी बाहेरच पडत नाही, पोलीस बसवावे लागतात. बायकांनी ओटी भरायची, पालखी उचलायची नाही, असा दंडक होता. अलीकडे काही गावांत बायकाही खांदा देऊन पालखी नाचवतात, आणि देव कोपल्याचं ऐकिवात नाही. सण म्हणजे नुसता गोडवा असता तर त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या नसत्या. लोक भांडतात ते ज्याला किंमत आहे त्यावरच.

आता तुला दोन्हीत साम्य शोधायचंच असेल तर या अंगाने शोध. तुमच्याकडे ब्रिजिदच्या आदल्या संध्याकाळी पेंढ्याची बाहुली करून पोरं घरोघर फिरवत, गाणी म्हणत, पैसे किंवा खाऊ मिळवत. केरीत अजूनही पेंढ्याच्या उंच टोप्या घालून, तोंडं झाकून 'बिड्डी'चे खेळगडी फिरतात. घराबाहेर रात्रभर कापड ठेवायचं, ब्रिजिद जाताना त्याला हात लावते. मग ते आजाऱ्याच्या डोक्याला बांधायचं. लव्हाळ्याचा क्रूस आढ्याला खोचायचा, घर आगीपासून वाचावं म्हणून. दैवत चालत दाराशी येतं, घर त्याचं स्वागत करतं, सोंगं मागून येतात. हे साम्य खरं आहे. पण त्यासाठी एकच पूर्वज लागत नाही. घरं जवळजवळ असतील, माणसं एकमेकांवर अवलंबून असतील आणि वर्षाचा एक तुकडा संपत असेल, तर दाराशी जावंसं वाटतंच. गोव्यात चांदोरचे ख्रिस्ती गावकरी कार्निव्हलच्या दिवसांत मुसळ घेऊन फिरतात, नाचतात. त्याला मुसळखेळ म्हणतात. धर्म बदलून शतकं झाली, दारोदार जाणं गेलं नाही. किल्डेरची ब्रिजिदही देवीची संत झाली की संत आधीपासूनच वेगळी होती, यावर पंडित वाद घालत बसोत. तिचं फिरणं थांबलं नाही. आयर्लंडने २०२३ पासून तिच्या नावाची सुटी दिली, देशातली एखाद्या स्त्रीच्या नावाची पहिली सार्वजनिक सुटी. म्हणजे अर्थ अजूनही भरला जातोय.

वर्गात काय करायचं ते सांगतो. तुझ्याच देशाने, म्हणजे आता तुझ्या म्हणायच्या देशाने, हे फार सुंदर करून दाखवलं आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पन्नास हजारांवर पोरांना कामाला लावलं. घरी जा, आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून आणा. सण, औषधं, भुतं, हवामानाचे ठोकताळे, सगळं. त्या वह्या जपल्या आहेत, आज कुणालाही बघता येतात. त्यात ब्रिजिदच्या दिवसाचंही पुष्कळ आहे, आणि ते 'प्राचीन काळी' असं नाही, 'आमच्या आजीकडे' असं आहे. तुमच्या परगण्यातल्या शाळेची वही शोध आणि लेकाबरोबर वाच. मग त्याला आपल्या आजीला फोन लावू दे. तिला उगम विचारायचा नाही. विचारायचं : तुझ्या लहानपणी पालखी तुमच्याकडे दिवसा यायची की रात्री? ओटीत काय काय घालायचीस? संकासूर कोण व्हायचा? कोणाच्या घरासमोर थांबायचं नाही असं होतं का? ती आधी "मेल्या, तुला रे कशाला" म्हणेल आणि मग तासभर बोलेल. त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावं, मराठीत, चुका असल्या तरी. ते पान त्याने वर्गात वाचावं आणि इंग्रजीत सांगावं. तू मागच्या बाकावर बस.

तुमच्या तिकडच्या मंडळींच्या होळीबद्दल विचारलं होतंस. हॉल घेऊन, सोयीचा शनिवार बघून, पाकिटातला रंग आणि हिंदी गाणी. जा की, चार माणसं भेटतील. फक्त पोराला तो शिमगा म्हणून सांगू नकोस आणि त्याच हॉलमध्ये पुठ्ठ्याची पालखी नाचवायचा घाट कुणी घातला तर तू त्यात पडू नकोस. पालखीला गाव लागतं आणि दारं लागतात. त्यापेक्षा तिथं शेजारच्या आयरिश म्हातारीकडे लव्हाळ्याचा क्रूस विणायला शिक; पुढच्या १ फेब्रुवारीला तिच्या दारी काहीतरी गोड घेऊन जा. जिथं राहतेस तिथल्या दारांचीही हजेरी लागायला हवी.

आणि शेवटचं, व्यवहाराचं. यंदाची पौर्णिमा ३ मार्चला आहे, तुला जमणार नाही हे समजतो. पुढच्या वर्षी, २०२७ ला, फाल्गुनी पौर्णिमा २२ मार्चला आहे आणि ईस्टर २८ मार्चला, म्हणजे पोराच्या शाळेची सुटी त्याच सुमारास पडेल. असा योग दरवर्षी येत नाही. रजेचा अर्ज आत्ताच टाक. विमानाचं तू बघ. मुंबईहून पुढचं रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, ते जानेवारीच्या मध्यावर मी इथून काढतो, मला फक्त तारखा कळव. तुझ्या आईच्या वाटणीचं घर गेली सहा-सात वर्षं शिमग्याला बंद आहे, पालखी नुसती अंगणात थांबून पुढं जाते. किल्ली माझ्याकडे आहे.

जावईबापूंना नमस्कार, चिरंजीवांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
मामा